आढाव्याची तालीम

ऑपरेशन थिएटरात सगळे तिला छोट्या मॅडम म्हणायचे, कारण मोठ्या मॅडम आधीपासून तिथे होत्या. मोठ्या मॅडमनी पुढे त्यातलं 'मॅडम' गाळून नुसतं 'छोटी' करून टाकलं आणि तेच चिकटलं. भूल देण्याचं शिक्षण घेण्याचं तिचं हे तिसरं वर्ष. दर वर्षाच्या शेवटी तीन वरिष्ठ डॉक्टर टेबलापलीकडे बसायचे, वर्षभर काय शिकलात, कुठे अडलात, काय चुकलं, ते खोदून खोदून विचारायचे आणि मग ठरवायचे, हिला पुढच्या वर्षात पाठवायचं की याच वर्षात पुन्हा बसवायचं. याला वार्षिक आढावा म्हणत. छोटीची आई त्याला प्रगतिपुस्तक म्हणायची. "तिशी गाठलीस तरी तुझी प्रगतिपुस्तकं काही संपत नाहीत बाई," ती म्हणायची. "सही करायला येऊ का मी?"

छोटीचा कामात हात चांगला होता. पण स्वतःबद्दल बोल म्हटलं की तिची दातखीळ बसायची. गेल्या वर्षी "तुमची जमेची बाजू कोणती?" या सरळ प्रश्नाला तिने "तशी काही नाही" असं उत्तर दिलं होतं आणि ते तिघंही हसले होते. पास झाली, पण ते हसू तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. म्हणून यंदा मोठ्या मॅडमनी तिची तालीम घ्यायची ठरवलं. वेळ सापडेल तेव्हा, असू तिथे. जिन्यात, चहाच्या रांगेत, कपडे बदलायच्या खोलीत. आढावा पुढच्या आठवड्यात होता.

त्या दिवशी सकाळी पहिलंच ऑपरेशन पित्ताशयाचं होतं, दुर्बिणीतून करायचं. रुग्ण म्हणजे पोहायला शिकवणाऱ्या एक बाई, पन्नाशीच्या आसपासच्या, रुंद खांद्यांच्या, केस अगदी आखूड. टेबलावर आडव्या झाल्या तरी घाबरलेल्या वाटत नव्हत्या.

"श्वास रोखून दाखवू का?" त्यांनी मास्ककडे बघत विचारलं. "मला चांगला जमतो."

"नको, नको," छोटी म्हणाली. "आज उलटं करा. खोल घ्या. बाकीचं आम्ही बघतो."

बाई झोपल्या. छोटीने श्वासनळीत नळी घातली, यंत्र जोडलं, आणि सगळं सुरळीत सुरू झालं. सर्जन समोरच्या पडद्यात डोळे घालून काम करत होते. मोठ्या मॅडम स्टूल ओढून छोटीच्या शेजारी बसल्या.

"चला, आता मी आढावा मंडळ. सांगा डॉक्टर, या वर्षात तुमच्यात काय फरक पडला?"

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त काढायचाय?"

छोटी उत्तर जुळवत होती, तेवढ्यात थिएटरातल्या मदतनीस मामांनी यंत्राकडे बोट दाखवलं. यंत्रावर एक डबी असते. तिच्यात झोपेचं द्रवरूप औषध असतं, आणि त्याची वाफ श्वासावाटे रुग्णाला मिळत राहते. डबी तळाला आली होती. या जुन्या यंत्रात ती भरायची तर आधी तिची चकती फिरवून बंद करावी लागे. छोटीने ती बंद केली. मामांनी बाटली लावली.

"थांबलीस का?" मोठ्या मॅडम म्हणाल्या. "मंडळासमोर कुणाचा फोन वाजला तर गप्प बसणार आहेस? बोलत राहा. जमेची बाजू काय तुमची?"

यंत्र कुरकुरायला लागलं. डबी भरताना ते कुरकुरतंच. छोटीने आवाज बंद करायचं बटण दाबलं. "मी... मी रुग्णाला कधी एकटं सोडत नाही."

"हे पाठ केल्यासारखं वाटतंय. पुन्हा."

"मी रुग्णाच्या जवळ असते. त्याला काय होतंय ते मला लवकर कळतं."

"बरं. थोडं चढ्या आवाजात."

"मला विचारा ना," सर्जन पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "तिची जमेची बाजू म्हणजे ती माझ्याशी भांडत नाही. मोठ्या मॅडमचं तसं नाही." नर्स हसली. मामाही हसले.

मग सर्जन म्हणाले, पोट जरा घट्ट लागतंय. छोटीने स्नायू सैल पाडणारं औषध दिलं. बाईंची नाडी वाढली होती. "पोटात वायू भरलाय, त्याने होतं," ती मॅडमना म्हणाली, आणि मॅडमनी मान डोलावली. वेदनेचं औषध थोडं वाढवलं. प्रश्न चालू राहिले. एखादा अवघड प्रसंग सांगा. त्यातून काय शिकलात ते सांगा. मग शेजारच्या थिएटरातून मॅडमना बोलावणं आलं आणि त्या उठून गेल्या.

छोटी यंत्राकडे वळली आणि तिला दिसलं, डबीची चकती बंदच होती. तिने ती लगेच फिरवली. मिनिटभर झालं असेल, तिला वाटलं. फार तर दोन. हळूहळू नाडी खाली आली, ऑपरेशन नीट पार पडलं, बाई जाग्या झाल्या. त्यांना उलटी झाली नाही, सर्जन खूश होते, आणि दारात पुढचा रुग्ण उभा होता. चकतीची गोष्ट छोटीच्या मनातून पुसली गेली.

दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात गेली ती स्वतःच्या कामाने. आढाव्यासाठी काही रुग्णांचे अभिप्राय लागत, डॉक्टर कशी वाटली, नीट समजावून सांगितलं का, असे. पोहण्याच्या बाई हसऱ्या होत्या. त्या चांगलं बोलतील, असा तिचा हिशेब होता.

बाई खिडकीकडे तोंड करून पडल्या होत्या. सकाळचा नाश्ता ट्रेमध्ये तसाच होता.

"कसं वाटतंय?" छोटीने विचारलं.

बाई वळल्या. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमचा आवाज."

"काय झालं आवाजाला?"

"तुमचा आढावा कधी आहे?"

छोटीला आधी काही वाटलंच नाही. कुणीतरी सांगितलं असेल, ती म्हणाली मनात. नर्स बोलली असेल. "पुढच्या आठवड्यात," ती म्हणाली. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच. तुम्ही रुग्णाला कधी एकटं सोडत नाही." बाईंचा आवाज अगदी सपाट होता. "मग त्या दुसऱ्या बाई म्हणाल्या, पाठ केल्यासारखं वाटतंय, पुन्हा. मग तुम्ही पुन्हा म्हणालात. मग तो पुरुष म्हणाला, ती माझ्याशी भांडत नाही. मग हसलात सगळे."

छोटीच्या हातातलं पेन कधी पडलं ते तिला कळलं नाही. पलंगाखाली गेलं असावं. पलीकडच्या खाटेवर कुणीतरी खोकत होतं, ट्रॉलीचं चाक कुईकुई करत होतं, आणि हे सगळं तिला एकदम फार मोठ्याने ऐकू यायला लागलं. तिने खाटेचा लोखंडी दांडा धरला.

"मी सिस्टरना सांगितलं रात्रीच," बाई म्हणाल्या. "त्या म्हणाल्या, औषधाचं स्वप्न असतं, पडतं असं. मी म्हटलं, असेल. आता तुमचा आवाज ऐकला." त्या थांबल्या. "ते स्वप्न होतं का?"

'होय' म्हणणं फार सोपं होतं. तो शब्द छोटीच्या जिभेवर आलाही होता, तिला त्याची चव लागली. सिस्टरने वाट करून ठेवली होती, पुढच्या आठवड्यात आढावा होता, आणि या बाई दोन दिवसांत घरी जाणार होत्या.

ती खुर्चीत बसली. "नाही," ती म्हणाली. "स्वप्न नव्हतं. ते सगळं आम्ही बोललो होतो. तुम्ही ऐकलंत ते खरं आहे."

बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्या रडायला लागल्या. पोटावरच्या टाक्यांमुळे त्यांना नीट रडताही येत नव्हतं. "मला वाटलं माझं डोकं फिरलं," त्या म्हणत राहिल्या. "मला वाटलं डोकंच फिरलं माझं."

मग थोड्या वेळाने त्यांनी सांगितलं. दुखलं असं नाही. आत काहीतरी ओढत होतं, ढकलत होतं. पण ते नव्हे. "मी पाण्याखाली राहणारी बाई. श्वास धरणं, सोडणं माझ्या हातात असतं. इथे माझ्या छातीत कुणीतरी वारा भरत होतं आणि काढून घेत होतं. मी डोळे उघडायला गेले, उघडेनात. बोट हलवायला गेले, हलेना. म्हटलं, मेले मी. मग तुमचं ऐकू आलं, आणि मला वाटलं, मेलेल्यांच्या इथे मुलाखती कशा घेतील? म्हणजे मी जिवंत आहे. मग तर जास्तच भीती वाटली."

"तुम्ही तिथे किती वेळ..." छोटीने विचारलं.

"मला काय माहीत? तुमच्याकडे घड्याळ होतं."

मोठ्या मॅडम त्यांच्या खोलीत चहा पीत होत्या. छोटीने दार लावलं आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं, बंद राहिलेल्या चकतीसकट. मॅडमनी कप खाली ठेवला तो बशीच्या कडेवर. चहा टेबलावर सांडला, तरी त्यांनी तिकडे पाहिलं नाही. पंचवीस-तीस वर्षं लोकांना झोपवत आलेली ती बाई, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच उरलं नव्हतं.

"शब्द न् शब्द?" त्यांनी विचारलं.

"शब्द न् शब्द. तुमचं 'थोडं चढ्या आवाजात' सुद्धा."

"अरे देवा."

दोघी थिएटरात गेल्या. यंत्र आपली नोंद ठेवतं. मॅडमनी आदल्या दिवशीची नोंद काढली. औषधाची रेघ डबी भरताना घसरली होती आणि तळाशी पडून राहिली होती. मिनिटभर नाही, दोन मिनिटंही नाही. दहाच्या वर, जवळजवळ बारा मिनिटं. तिच्या वरच नाडीची रेघ चढत गेली होती. लहान मुलालाही कळलं असतं. दोघींनी ती बघितली होती, आणि त्यावर मान डोलावली होती.

"मी तुला बोलत राहा म्हटलं," मॅडम म्हणाल्या.

"चकती माझ्या हातात होती."

"गप्प बस जरा." त्या कडाडल्या, आणि लगेच आवाज उतरला. "तू शिकतेस. मी शेजारी होते ती कशाला? शोभेला?" मग त्यांनी फोन उचलला आणि जिथे कळवायचं तिथे कळवलं. पलीकडून कुणीतरी सुचवलं की चौकशी होईपर्यंत रुग्णाशी फार बोलू नये. "मी आत्ता जातेय बोलायला," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या दोघी खाटेशी उभ्या राहिल्या. मॅडमनी काहीही न लपवता सांगितलं, औषध बंद राहिलं, आम्ही लक्ष दिलं नाही, स्नायू सैल पाडलेले होते म्हणून तुम्हाला हलता आलं नाही, ही आमची चूक आहे. माफी मागितली. छोटीनेही मागितली, पण इतकी हळू की पुन्हा म्हणावं लागलं.

तोवर बाईंचं रडणं संपलं होतं आणि त्यांना राग आला होता.

"म्हणजे मी तिथे पडले होते आणि तुम्ही हिचा अभ्यास घेत होतात?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

"मी चार वर्षांच्या पोरांना पाण्यात सोडते. त्यांच्या आया काठावर असतात. मी एकदाही, एकदाही, दुसरीकडे बघून कुणाशी गप्पा मारल्या नाहीत. पाठ केल्यासारखं वाटतंय म्हणे. पाठच केलं होतं तिने!" त्यांनी छोटीकडे बोट केलं. "जा तुम्ही दोघी. मला तुमचे आवाज नकोत आत्ता."

त्या गेल्या. जिन्यात मॅडमनी कठड्याला धरून थोडा वेळ डोळे मिटले. छोटी एक पायरी खाली उभी राहिली. तिला रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं. कानात फक्त स्वतःचा आवाज होता, थोडा चढा.

घरी आईने ताट वाढलं. छोटीने जेवता जेवता सांगितलं, बातमी सांगावी तसं. आईचा हात भाताच्या पातेल्यातच राहिला.

"तिच्या घरी कोण आहे?" तिने शेवटी विचारलं.

"बहीण आहे. तिच्याजवळ राहायला जाणार आहेत."

"बरं झालं." मग बऱ्याच वेळाने, "आणि तुझं काय करतील?"

"माहीत नाही. करू देत काय करायचं ते."

आढाव्याआधीच्या दिवसांत तिने काही तयारी केली नाही. मॅडमनी विचारलंही नाही. थिएटरात दोघी यंत्राकडे बघत उभ्या राहायच्या. सर्जनही चिडीचूप. एकदा मामा म्हणाले, "अहो, निदान हवापाण्याचं तरी बोला. मला भीती वाटायला लागलीय." कुणी हसलं नाही.

आढाव्याच्या दिवशी टेबलापलीकडे तिघं बसले होते: टक्कल असलेले अध्यक्ष, एक चष्मेवाल्या बाई आणि दुसऱ्या रुग्णालयातले एक पोक्त डॉक्टर. चौकशीचा कागद त्यांच्यापुढे पोचला होता. अध्यक्षांनी घसा खाकरला.

"या वर्षातला अवघड प्रसंग सांगा."

छोटीने सांगितला. एकदाही अडखळली नाही. चकती, मिनिटभर झालं असेल हा अंदाज, तो कुणाला न सांगणं, वाढलेली नाडी, बाईंनी परत ऐकवलेली वाक्यं. बोलताना तिला जाणवलं की आपण सुरेख बोलतोय. थांबून, ठसठशीत, नजर वर ठेवून. मॅडमनी महिनाभर घासून घेतलं होतं तसंच. ती मध्येच थांबली.

"पाणी हवंय का?" चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

"नको."

"बाईंनी विचारलं तेव्हा तुम्ही लगेच खरं सांगितलंत. वरिष्ठांना न विचारता. का?"

"त्यांना वाटत होतं की आपलं डोकं फिरलंय," छोटी म्हणाली. "मला दुसरं काही सुचलं नाही."

तिला बाहेर बसवलं. तिने वाट पाहताना भिंतीवरच्या आग विझवण्याच्या सूचना वाचल्या, त्यातलं काही डोक्यात शिरलं नाही. पुन्हा आत बोलावलं. अध्यक्ष म्हणाले, यंत्र तपासण्याची शिस्त पुढचे काही महिने मोठ्या मॅडम स्वतः बघतील, त्याचा अहवाल देतील. बाकी वर्षाचं काम समाधानकारक आहे. पुढच्या वर्षात जायला हरकत नाही.

"एवढंच?" छोटीच्या तोंडून निघून गेलं.

"एवढंच म्हणजे?" पोक्त डॉक्टर पहिल्यांदाच बोलले. "शिक्षा हवी होती का?"

"हो," ती म्हणाली, आणि आपण हे म्हणालो याचा तिलाच धक्का बसला.

ते तिच्याकडे बघत राहिले. "आम्ही इथे ती देत नाही," ते म्हणाले. आवाजात कठोरपणा नव्हता.

दीड-दोन महिन्यांनी मॅडमनी तिला बोलावून घेतलं. पोहण्याच्या बाई आल्या होत्या. रुग्णालयाने त्यांना समुपदेशकाकडे पाठवलं होतं, तिथेच त्यांनी सांगितलं होतं की मला ती खोली बघायचीय. रिकामी. आणि त्या छोट्या डॉक्टर असल्या तर बरं.

दुपारची वेळ होती, दिवसाच्या ऑपरेशनांची यादी संपली होती. बाईंनी चपलांवर प्लास्टिकची आवरणं चढवली आणि आत आल्या. बारीक झाल्या होत्या. मॅडम दारातच थांबल्या.

"शिकवायला जाता का?" छोटीने विचारलं.

"काठावरून शिकवते. पाण्यात उतरते गळ्यापर्यंत. तोंड बुडवता येत नाही अजून. पोरं विचारतात, बाई, तुमचे केस कोरडे कसे?" त्यांनी ते साधेपणाने सांगितलं, आणि छोटीला मान वर करता येईना. "बघा वर. मी भांडायला नाही आले. ती चकती दाखवा."

छोटीने दाखवली. बाईंनी ती स्वतः फिरवून पाहिली, उघडी, बंद, पुन्हा उघडी. "एवढीशी?" त्या म्हणाल्या. मग टेबलाला वळसा घालून आल्या, गादीवर हात ठेवला. "माझं डोकं इकडे होतं ना?"

"हो."

"आणि तुम्ही कुठे होतात?"

छोटी आपल्या जागी जाऊन उभी राहिली. उशी तिच्या कमरेला लागत होती.

बाईंनी त्या उशीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"इतक्या जवळ?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, तुम्ही कुठेतरी लांब आहात. दुसऱ्या खोलीत. मी मनातल्या मनात इतकं ओरडत होते, म्हटलं लांब आहेत म्हणून ऐकू जात नसेल."

छोटीने चाकाचं स्टूल पुढे सरकवलं. बाई बसल्या, हात मांडीवर ठेवून, त्या मोकळ्या टेबलाकडे बघत. दारातून मोठ्या मॅडम आत आल्या आणि त्याही उभ्या राहिल्या. पुढचा बराच वेळ त्या खोलीत कुणी कुणाशी बोललं नाही. मग बाई म्हणाल्या, "चला, बहीण खाली वाट बघतेय," आणि उठताना त्यांनी आधाराला छोटीचा खांदा धरला.